उतरलो, अप्पा

६ मे, मंगळवार

डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज पंधरा दिवस झाले. मोबाईलवरची अक्षरं अजून नाचतात. म्हणून सूनबाईनं, अमृतानं, आज एक काम लई भारी केलं. पावसाचं रडार मी मोबाईलवर डोळे बारीक करून बघत होतो, ते ॲप तिनं सरळ टीव्हीवर टाकून दिलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर सगळा जिल्हा! मधोमध आपलं शहर, खाली पैठण, डाव्या हाताला लासूर स्टेशन. हलका पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, विजा-गारांचा लाल. बटण दाबलं की मागच्या तासाभरात ढग कुठून कुठं गेला ते चालत दिसतं.

"बसा आता बघत, अप्पा. फक्त श्रेयाच्या कार्टूनच्या वेळेला रिमोट तिला देत जा," म्हणाली. मी म्हणलं, कार्टूननं कुणाचा जीव वाचत नाय.

हे गमतीनं नाय लिहिलं. मी एकतीस वर्षं लाईनमन होतो. आता माझा आकाश त्याच खात्यात आहे आणि चितेगावच्या कारखान्यांकडच्या लाईनवर त्याची ड्यूटी आहे. खांबावर चढलेल्या माणसाला डोक्यावरचं आभाळ दिसतं, लांबचं नाय दिसत. आणि वीज दहा कोसांवर तारेला शिवली तरी तारेनं पळत येते. माझा जोडीदार कडूबा तसाच गेला, रखरखीत उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हा हा पडदा असता तर मी त्याला खालून हाक मारली असती.

आता मारीन.

७ मे, बुधवार

पहिल्याच दिवशी कामाला आलं. दुपारी पावणेचारला बिडकीनवर, चितेगावच्या खालीच, लाल उगवलं. आकाश चितेगावला खांबावर. लगेच फोन लावला.

"आकाश, खाली उतर. बिडकीनवर लाल आलंय."

"अप्पा, कामात आहे."

"काम गेलं खड्ड्यात! उतर म्हणलं ना!"

उतरला. ढग मात्र हलकट निघाला, गंगापूरच्या अंगानं निघून गेला आणि चितेगावला थेंब पडला नाय. संध्याकाळी जेवताना आकाश म्हणाला, "चाळीस मिनिटं वाया गेली अप्पा. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, काम का थांबलं म्हणून. काय सांगू, बापाचा फोन आला?"

"व्हय, तेच सांग," मी म्हणलं. "साहेब येणार हाये का तुला उचलायला?" आवाज जरा चढला माझा. गीता म्हणाली, आवो, लेकराला घास तरी गिळू द्या. आकाश खाली मान घालून म्हणाला, "बरं अप्पा. तुम्ही म्हणाल तसं."

गुणी पोरगं आहे. नुसतं समजावून सांगावं लागतं.

९ मे, शुक्रवार

आज दोन फोन. दोन्ही वेळेला एका सेकंदात उत्तर, "उतरलो, अप्पा." ना वाद, ना कुरकुर. फोनमध्ये वारा लई घोंगावत होता आणि लोखंडावर पक्कड वाजल्यागत टिंग टिंग चाललं होतं. खाली सामान आवरत असतील. आकाशला धापही लागली होती, भरभर उतरला असणार बिचारा.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. सकाळी घरची सगळी पांढरे कपडे घालून विहारात गेली. मी नाय गेलो, नगरच्या बाजूला हिरवं दिसत होतं. गीतानं खीर केली, म्हणाली, तुमच्यासाठी साखर कमी घातलीय. कमी साखरेतही काय गोडी होती! दोन वाट्या खाल्ल्या. माणसानं मनावर घेतलं तर पथ्य अवघड नसतंय.

दुपारी गोकुळ आला. सबस्टेशनवर ऑपरेटर आहे आता, पण पोरगा माझ्या हाताखाली शिकला. आल्या आल्या पाया पडला. म्हणाला, "काका, तुमच्यासारखा परमिटचा कडक माणूस आता खात्यात राहिला नाय."

खरंच आहे ते. लाईनवर चढायच्या आधी ऑपरेटरकडून परमिटचा नंबर घ्यायचा, मग तो लाईन बंद करतो. काम झालं, सगळे खाली आले की तोच नंबर सांगून परमिट परत द्यायचं, मगच लाईन चालू. आणि ज्यानं घेतलं त्यानंच, स्वतःच्या तोंडानं द्यायचं. एकदा एका इंजिनिअरनं माझ्या वतीनं परमिट दिलं, तर मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटला होता. गोकुळला तो किस्सा पाठ आहे. आज परत सांगायला लावला आणि पोट धरून हसला.

१४ मे, बुधवार

आभाळाला काय झालंय कळत नाय. चार फोन करावे लागले. चारही वेळेला पोरगा उतरला. तिसऱ्या वेळेला त्यानं फोन उचलायला वेळ लावला तर माझं डोकंच फिरलं. अमृतावर ओरडलो, गीतावर ओरडलो. दोघी स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजत बसल्या.

श्रेया हल्ली कार्टून मागत नाय. दुपारभर शेजारच्या मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यास! आजोबावर गेलीय.

१६ मे, शुक्रवार

पडदा मोकळा. सगळ्या जिल्ह्यात एक ठिपका नाय. बरं वाटायला पाहिजे, पण जीव लागंना. तरी एक फोन केलाच. आकाशनं उचलला आणि मी बोलायच्या आधीच म्हणाला, "उतरलो, अप्पा." मी म्हणलं, अरे, आज ढगच नाय. कामात आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

अमृता भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "अप्पा, ते वर असले की..."

"असले की काय?"

"काही नाही. चहा ठेवू?"

ह्या पोरीला अर्धं बोलायची खोड आहे.

१९ मे, सोमवार

सगळं लिहून काढतो, जसं झालं तसं.

तीन दहाला पैठणच्या वर लाल ठिपका दिसला. तीन वीसला तो बिडकीनला होता आणि मधोमध जांभळा. जांभळा मी आजवर पाहिला नव्हता. चित्र दर दहा मिनिटांनी बदलतं, म्हणजे आपण बघतो ते शिळं, ढग त्याच्या पुढंच असणार. आकाश चितेगावला इन्सुलेटर बदलत होता. फोन लावला.

"उतरलो, अप्पा."

"सगळे?"

"सगळे, सगळे."

मी पाय पसरून बसलो. गीताला म्हणलं, बघ, तुझा लेक सुखरूप खाली हाये, मी नसतो तर आज काय झालं असतं? तिनं माझ्याकडं बघितलं आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

तीन बत्तीसला गोकुळचा फोन. "काका, आकाश फोन उचलंना. सहादा लावला. तीनपर्यंत काम आटपतो म्हणला होता. कारखानेवाले डोकं खायलेत, आणि वादळ इथवर आलं की पुन्हा सगळं अडकंल. तुमचं काही बोलणं झालं का त्याच्याशी?"

खोटं कशाला लिहू, माझी छाती फुगली. ड्यूटीवरचा ऑपरेटर निवृत्त माणसाला विचारतोय.

"झालं की. आत्ताच. उतरलीत पोरं सगळी."

"पक्कं ना काका?"

"अरे, माझा पोरगा माझ्याशी खोटं बोलंल का?"

"नाय नाय, तसं नाय. मग परमिट परत आलं असं धरू?"

"धर."

असं म्हणलो मी. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोकांना शिव्या घातल्या, ती मी घरात, पंख्याखाली बसून केली.

स्वयंपाकघराच्या दारात अमृता उभी होती, पिठाचे हात तसेच. "अप्पा, कुणाला काय धर म्हणालात?"

मी सांगितलं. तिचं तोंड पांढरं पडलं.

"अप्पा, ते उतरत नाहीत हो! तुमचा फोन आला की वरूनच उतरलो म्हणतात. मग सारखा वाजू नये म्हणून फोनचा आवाज बंद करून पिशवीत टाकतात. मला माहितीय, आईंना माहितीय, सगळ्यांना माहितीय!"

गोकुळला फोन लावला. व्यस्त. परत लावला, व्यस्त. अमृता आकाशला लावत होती, घंटी जात होती, जातच होती. त्याच्या सोबतच्या अभयचा नंबर ना माझ्याकडं, ना तिच्याकडं. गीता भिंतीला टेकून खाली बसली आणि नुसती "माझं लेकरू, माझं लेकरू" करायला लागली. टीव्हीवर चित्र बदललं. लाल चितेगावच्या उंबऱ्यावर.

तीन सदतीसला गोकुळ लागला. मी ओरडलो, "बंद ठेव! पोरं वर हायेत!"

मग म्हणाला, "काका... चालू केली होती. चालू करताच ट्रिप झाली."

लाईन चालू करताच ट्रिप होते, आपोआप बंद पडते, म्हणजे तार कुठंतरी जमिनीला मिळालेली असते. एक तर पोरांनी तारेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची साखळी लावलेली असते, नाय तर मधे माणूस असतो. हे मला कळत होतं, आणि त्या दोघींना कळत नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नाय.

अमृतानं स्कूटी काढली. मी मागं बसलो. आमच्या मुकुंदवाडीच्या बाहेर निघेस्तोवर समोरून काळं कुट्ट आलं, धूळ डोळ्यात गेली, ऑपरेशनचा डोळा नुसता पाझरत होता. ती स्कूटी चालवता चालवता मोठ्यानं रडत होती आणि मी तिला एकदासुद्धा हळू चालव म्हणलं नाय. देवाधर्माचं मी कधी केलं नाय, पण आज तोंडात आलं ते सगळं म्हणलं.

तीन अठ्ठावन्नला अमृताच्या फोनवर अनोळखी नंबर. अभय. "वहिनी, आकाश जिवंत हाये."

साखळी लावलेली होती. तारेला साखळीपाशी जाळ झाला, त्यात आकाशचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. हिसक्यानं पाय सुटले आणि कमरेच्या पट्ट्यावर तो लोंबकळत राहिला. अभय इन्सुलेटर आणायला गाडीकडं गेला होता, तो पळत आला. गारांच्या माऱ्यात दोघा-तिघांनी मिळून खाली घेतला.

वीज पडली नाय. ढगानं माझ्या पोराला काही केलं नाय.

२० मे, मंगळवार

दवाखाना. कोपरापर्यंत पांढरी पट्टी. मी खाटेशी दोन तास बसलो. शेवटी तोच म्हणाला, "जेवलात का अप्पा?" मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि भिंतीकडं तोंड करून रडलो. म्हाताऱ्या माणसाला लोक बघतात, पण काय करणार.

२३ मे, शुक्रवार

गोकुळला निलंबित केलं. त्यानं जबाबात लिहिलंय, "परमिट परत आल्याची खात्री न करता मी लाईन चालू केली." माझं नाव कुठंच नाय.

ऑफिसला गेलो. साहेबांना म्हणलं, माझा जबाब घ्या, माझ्या सांगण्यावरून चालू झाली. साहेब म्हणाले, "तुम्ही निवृत्त आहात, तुमच्या जबाबाला काय अर्थ? ऑपरेटरनं परमिट घेणाऱ्यालाच विचारायला पाहिजे होतं."

"तेच लिहितो. त्यानं विचारायला पाहिजे होतं आणि मी गप्प बसायला पाहिजे होतं."

पानभर लिहून सही केली. त्यांनी पाकिटात घातलं आणि बघू म्हणाले. खाली गोकुळ भेटला. चहा घेऊ म्हणाला, मला चहा जाईना.

"अरे, तुला माहीत होतं की असं चालत नाय. मला तोंडावर नाय म्हणायचं होतं."

गोकुळ कपातल्या चहाकडं बघत म्हणाला, "तुम्हाला कोण नाय म्हणतंय, काका?"

तो टोमणा मारत नव्हता. म्हणून जास्त लागलं.

३० मे, शुक्रवार

आकाश घरी आलाय. सगळे जेवायला बसलो. मी ठरवलं होतं शांतपणानं विचारायचं, पण तोंडातून निघालं ते ओरडूनच, "माझ्याशी खोटं का बोललास?"

श्रेया घाबरून आईला चिकटली. आकाशनं घास ताटात ठेवला.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही फोन ठेवला असता, अप्पा?"

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो.

"पहिल्या दिवशी खरंच उतरलो होतो. नंतर बघितलं, नाही म्हणलं की तुम्ही पंधरा मिनिटं ओरडता. वर एका हातानं फोन आणि एका हातानं खांब धरून किती वेळ ऐकायचं? उतरलो म्हणलं की तुम्ही लगेच ठेवता." मग जरा थांबून म्हणाला, "फोनचा आवाज मी बंद केला ही माझी चूक. गोकुळदादाचा फोन येणार हे मला माहीत होतं. ती काही तुमची नाही."

पोरगा माझ्या वाट्याचंही उचलायला लागला. मी म्हणलं, नको, माझं मला राहू दे.

जेवणानंतर गीताला विचारलं, पौर्णिमेच्या खिरीत साखर किती होती? म्हणाली, नेहमीएवढीच. आणि श्रेया कुठल्या अभ्यासाला जाते? म्हणाली, आवो, कार्टून बघायला जाते. काय बोलणार? ह्या घरात सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि मी त्याला माझा वचक समजत होतो. नाय, वचकच होता तो.

९ जून, सोमवार

आकाश आजपासून कामावर. हातावर नवी कातडी गुलाबी दिसते. मी नको म्हणणार होतो. बूट घालताना तो म्हणाला, "अप्पा, एक सांगू? मला फोन करायचा नाही. काहीही झालं तरी."

"अरे, मी तुझा..." सुरू झालो होतो मी, सवयीनं. गीतानं माझ्याकडं बघितलं.

"आणि लाल दिसलं तर?"

"अभयला सांगा. तो खाली असतो. एकदाच सांगा. उतरायचं का नाही ते आम्ही ठरवू." त्यानं अभयचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून टीव्हीखाली चिकटवला.

बापाला असं तोंडावर नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ. मला राग आला, आणि राग आला तरी मी बरं म्हणलं.

१२ जून, गुरुवार

वही मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलोय. लिहीत राहिलं म्हणजे हात फोनकडं जाणार नाय.

चार दहाला गंगापूरच्या अंगाला पिवळं दिसलं. चार वीसला लाल झालं आणि इकडं वळलं. आकाश चितेगावलाच आहे. अभयला फोन केला. "गंगापूरकडून लाल येतंय. चित्र दहा मिनिटं शिळं हाये. माझ्या हिशोबानं अर्ध्या तासात तुमच्यावर."

"बरं काका, सांगतो त्याला."

उतरव त्याला, असं अगदी ओठावर आलं होतं. दात दाबून फोन ठेवला.

चार तीस. नवीन चित्र आलं. लाल वाळूजला टेकलंय. अमृता येऊन माझ्या शेजारी बसली. गीता दारात उभी राहून आभाळ बघतेय, आमच्याकडं ऊन आहे.

चार पस्तीस. फोन वाजला. तिघंही दचकलो. अभय होता.

"काका, आकाश अजून वरच हाये. शेवटचा एक इन्सुलेटर राहिलाय, दहा मिनिटं लागतील म्हणतो. नंतर लगेच उतरतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अप्पाला खरं ते सांग म्हणला, म्हणून सांगतोय काका."

पडद्यावर लाल आणि चितेगाव यांच्या मधे दोन बोटं जागा आहे. मी मोजली. "बरं" म्हणलं आणि फोन ठेवला. अमृतानं विचारलं, काय म्हणाले? मी तिला सांगितलं, वर आहे. तिनं माझा हात धरला.

चार बेचाळीस. आकाश वर आहे. मी फोन केलेला नाय.